साहसाला नव्हे, यंत्राला लगाम हवा

गेल्या दिवाळीच्या सुटीत रायगड जिल्ह्यातील एका समुद्रकिनाऱ्यावर जाण्याचा योग आला. ओहोटीची वेळ होती. ओल्या वाळूवर घोडागाड्यांच्या शेजारी फुगीर टायरांची, मोटारसायकलसारखा दांडा असलेली आठ-दहा चारचाकी वाहने रांगेने उभी होती. किनाऱ्यावर सगळे त्यांना 'एटीव्ही' म्हणतात. एका कुटुंबातील आठ-नऊ वर्षांच्या मुलाने हट्ट धरला. वडिलांनी पैसे मोजले. गाडीवाल्या तरुणाने मुलाला पुढे बसविले, त्याचा अंगठा वेग वाढविणाऱ्या खटक्यावर ठेवला आणि स्वतः मागे बसला. पहिली फेरी झाली. दुसऱ्या फेरीला तरुण खाली उतरला आणि मुलगा एकटाच ते धूड घेऊन निघाला. डोक्यावर शिरस्त्राण नव्हते.

न राहवून त्या तरुणाला विचारले, "किती उतारावर गेली की ही गाडी कलंडते?" तो हसला. "काका, ही कलंडत नाही. चार चाकं आहेत ना!" मुलाच्या वडिलांनीही समजूत घातली, "अहो, खेळणंच आहे ते."

त्या तरुणाला दोष द्यावा असे मला वाटत नाही. त्याला कोणी सांगितलेच नव्हते. वडिलांनाही कोणी सांगितलेले नव्हते. ज्याला हे नेमके ठाऊक असते, त्या निर्मात्याला ते सांगण्यास भाग पाडणे हे शासनाचे काम आहे. आपल्याकडे ते काम अद्याप झालेले नाही. जगात मात्र या प्रश्नावर चाळीस वर्षे वाद, खटले आणि कायदे झाले आहेत. त्यातून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

चार चाकांचा भ्रम

हे वाहन प्रथम समजून घेतले पाहिजे. खडबडीत जमीन, वाळू, चिखल यांवर चालावे म्हणून त्याची उंची अधिक आणि रुंदी कमी ठेवलेली असते. टायरांत हवेचा दाब अगदी कमी असतो. अनेक नमुन्यांत मागची दोन्ही चाके एकाच गतीने फिरतात, त्यामुळे वळताना आतले चाक मोकळेपणाने मंद होत नाही. परिणामी हे वाहन केवळ दांडा वळवून वळत नाही. चालकाने आपले शरीर त्या त्या बाजूला झुकवून तोल सांभाळायचा असतो. घोडेस्वाराप्रमाणे दोन्ही बाजूंना पाय टाकून बसण्याची रचना त्यासाठीच असते. मोठ्या माणसाच्या शरीराचे वजन त्या तोलात जमेस धरलेले असते. पंचवीस किलोच्या मुलाचे वजन तिथे पुरे पडत नाही.

वाहन उलटले की पुढचा धोका सुरू होतो. प्रौढांसाठीच्या कित्येक एटीव्हींचे वजन तीनशे किलोंच्या घरात असते. ते छातीवर आले तर हाड न मोडताही माणूस गुदमरून मरू शकतो. ऑस्ट्रेलियातील शेतांवर झालेल्या अनेक मृत्यूंचे कारण हेच होते. एकटा शेतकरी, उलटलेले यंत्र आणि हाकेच्या अंतरावर कोणी नाही.

अमेरिकेने काय केले?

'होंडा' कंपनीने १९७० मध्ये अमेरिकेच्या बाजारात तीन चाकांचे असे वाहन आणले. पुढे एक, मागे दोन चाके. काही वर्षांतच ते लोकप्रिय झाले आणि १९८०च्या दशकात मृतांची संख्या शेकड्यांत गेली. मृत व जखमी झालेल्यांत सोळा वर्षांखालील मुले मोठ्या संख्येने होती. १९७२च्या कायद्याने स्थापन झालेल्या तेथील ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाने चौकशी केली आणि डिसेंबर १९८७ मध्ये प्रकरण न्यायालयात गेले. एप्रिल १९८८ मध्ये न्यायालयाने तडजोडीच्या हुकूमनाम्याला मान्यता दिली. होंडा, यामाहा, सुझुकी, कावासाकी आणि पोलॅरिस या पाच कंपन्यांनी तीनचाकी वाहनांची नवी विक्री थांबविली. ग्राहकांना मोफत प्रशिक्षण देण्याचे, वाहनावर ठळक इशारे लावण्याचे आणि ९० सीसीहून मोठ्या इंजिनाचे वाहन सोळा वर्षांखालील मुलांसाठी न विकण्याचे त्यांनी मान्य केले.

हुकूमनाम्याची मुदत दहा वर्षांची होती. १९९८ मध्ये ती संपली. कंपन्यांनी बहुतेक अटी स्वेच्छेने पुढे चालू ठेवल्या. पण दरम्यान परदेशांतून स्वस्त वाहने येऊ लागली आणि त्या आयातदारांनी कोणत्याही कागदावर सही केलेली नव्हती. पाच जणांशी केलेला करार सहाव्याला बांधीत नाही, हा धडा अमेरिकेला अखेर २००८ मध्ये उमगला. त्या वर्षीच्या ग्राहक सुरक्षा कायद्याने नव्या तीनचाकी एटीव्हींची आयात व विक्री बंद केली आणि चारचाकींसाठीचे उद्योगाचे ऐच्छिक मानक सर्वांना सक्तीचे केले. २००९ पासून ते लागू झाले.

यावर आक्षेप घेणारे विचारतील, 'मग अपघात थांबले का?' थांबले नाहीत. रस्त्याबाहेरच्या सर्व प्रकारच्या मनोरंजन-वाहनांवर अमेरिकेत आजही वर्षाला आठशेच्या आसपास माणसे मरतात. त्याची कारणे उघड आहेत. वाहनांची संख्या प्रचंड वाढली, आणि केंद्रीय कायदा बनविण्यावर व विकण्यावर चालतो. वापरावर नियम करण्याचा अधिकार राज्यांचा आहे. जिथे राज्य जागे झाले, तिथे फरक दिसला. मॅसॅच्युसेट्स राज्यात आठ वर्षांच्या एका मुलाचा अशा वाहनावर बळी गेल्यानंतर त्याच्या आईवडिलांनी लढा दिला आणि २०१० मध्ये चौदा वर्षांखालील मुलांना ही वाहने चालविण्यास, मोजके अपवाद सोडता, मनाई झाली. त्यानंतर तेथील मुलांच्या दुखापती ठळकपणे घटल्याचे वैद्यकीय अभ्यासांत नोंदले गेले.

चालक तेच, यंत्र बदलले

माझ्या मते या संपूर्ण इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण 'यामाहा राइनो'चे आहे. हे शेजारी-शेजारी बसण्याचे, स्टिअरिंग व पट्टे असलेले, छोट्या जीपसारखे वाहन. ते उलटून माणसे दगावू लागली तेव्हा नेहमीचा युक्तिवाद पुढे आला की, चालकांनी पट्टा बांधला नाही, वेग आवरला नाही. मार्च २००९ मध्ये आयोग आणि कंपनी यांच्यात एक दुरुस्ती-कार्यक्रम ठरला. दुरुस्ती काय होती? मागच्या चाकांशी जाड चकत्या बसवून चाकांमधील रुंदी वाढविणे आणि मागच्या बाजूचा एक स्थैर्यदांडा काढून टाकणे. कोणत्याही गॅरेजमध्ये होईल एवढेच काम. त्यानंतर या वाहनाच्या अपघातांच्या नोंदी लक्षणीय प्रमाणात घटल्या, असे आयोगाने पुढे आपल्या नियमाच्या मसुद्यात नमूद केले.

चालक तेच होते. जमीन तीच होती. तारुण्याचा उन्मादही तोच होता. बदलली ती केवळ यंत्राची रुंदी. 'अपघात माणसाच्या बेपर्वाईने होतात' हे वाक्य अर्धेच खरे आहे. माणूस बेपर्वा वागणार हे गृहीत धरून यंत्र किती क्षमाशील बनवायचे, हा निर्णय कारखान्यात होतो आणि तिथे ग्राहक उपस्थित नसतो.

ऑस्ट्रेलियाचा आग्रह

ऑस्ट्रेलियात ही वाहने मुख्यतः शेतीवर वापरली जात. गुरे हाकायला, कुंपणे तपासायला. वर्षाला सरासरी पंधरा-सोळा माणसे त्यांवर मरत होती. न्यू साउथ वेल्स विद्यापीठातील संशोधकांनी बाजारातील वाहने आणून ती प्रयोगशाळेत तिरकी करून पाहिली आणि कोणते कुठे कलंडते याची मोजदाद केली. तेथील स्पर्धा व ग्राहक आयोगाने या प्रकारच्या अभ्यासाच्या आधारे सरकारकडे शिफारस केली आणि २०१९ मध्ये सक्तीचे मानक जाहीर झाले.

ते दोन टप्प्यांत आले. ११ ऑक्टोबर २०२० पासून प्रत्येक नव्या वाहनाला एक पत्रक लटकविणे बंधनकारक झाले. ते वाहन किती अंशांच्या उतारावर कलंडू लागते, हे त्यावर छापलेले असते. दुकानात उभा असलेला शेतकरी दोन वाहनांची किंमत जशी ताडून पाहतो, तसा कलंडण्याचा कोनही ताडून पाहू शकतो. ११ ऑक्टोबर २०२१ पासून दुसरा टप्पा लागू झाला. शेतीकामाच्या वाहनाने बाजूला २८.८१ अंशांपर्यंत आणि पुढे-मागे ३८.६५ अंशांपर्यंत तोल राखलाच पाहिजे आणि चालकाच्या पाठीमागे एक संरक्षक कमान असलीच पाहिजे. वाहन उलटले तरी माणूस आणि यंत्र यांच्यात थोडी पोकळी राहावी, श्वास चालू राहावा, एवढाच त्या कमानीचा हेतू.

मोठ्या कंपन्यांनी याला कडाडून विरोध केला. कमानीनेच इजा होईल, प्रशिक्षण आणि शिरस्त्राण हाच खरा उपाय, असे त्यांचे म्हणणे होते. सरकार हटले नाही तेव्हा होंडा, यामाहा, पोलॅरिस अशा नामवंत कंपन्यांनी तेथे या वर्गातील वाहने विकणेच बंद केले. बाजार मात्र ओस पडला नाही. कमान बसवून वाहने विकणारे उत्पादक टिकले आणि अनेक शेतकरी छत व पट्टे असलेल्या शेजारी-आसनी वाहनांकडे वळले. 'नियम कराल तर आम्ही निघून जाऊ' या धमकीला स्वाभिमानी शासनाने किती किंमत द्यावी, याचे हे उदाहरण आपल्याकडील धोरणकर्त्यांनी जरूर अभ्यासावे.

आपला कायदा काय म्हणतो?

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम २(२८) नुसार 'मोटार वाहन' म्हणजे रस्त्यावर वापरण्याजोगे यांत्रिक वाहन. कारखाना किंवा बंदिस्त आवारातच वापरायची विशेष प्रकारची वाहने त्यातून वगळलेली आहेत. 'रस्त्याबाहेर वापरण्यासाठीच' असा शिक्का मारून विकलेले यंत्र मग कोणत्या रकान्यात बसते? खाणीतील डंपरसारख्या यंत्रांबाबत हाच वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता आणि १९७४ मध्ये बोलानी ओअर्सच्या खटल्यात न्यायमूर्तींना याच शब्दांचा कीस काढावा लागला होता. खाण कंपनीला तो वाद परवडतो. किनाऱ्यावर जखमी झालेल्या मुलाच्या बापाला तो परवडणारा नाही.

गंमत अशी की, परवाना आणि विमा यांविषयीची कलमे 'सार्वजनिक ठिकाण' हा शब्द वापरतात, आणि त्याच कायद्यात सार्वजनिक ठिकाण म्हणजे जिथे जाण्याचा जनतेला अधिकार आहे अशी कोणतीही जागा. समुद्रकिनारा याहून वेगळा काय आहे? म्हणजे जागा कायद्यात बसते. वाहन बसते की नाही यावर वाद घालता येतो. परवाना, नोंदणी, विमा, वयाची अट ही सारी कवचे या एका संदिग्धतेतून गळून पडतात.

पर्यटनाच्या अंगाने काहीच झालेले नाही असे नाही. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाच्या २०१८च्या साहसी पर्यटनविषयक मार्गदर्शक सूचनांत एटीव्ही सफरींना स्वतंत्र स्थान आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणून आयोजकांच्या नोंदणीची व्यवस्था केली. ही पावले स्वागतार्हच आहेत. परंतु त्यांचा रोख आयोजकावर आहे. यंत्र बनविणारा आणि आयात करणारा यांच्याकडे त्यांची नजर पोहोचत नाही.

विसंगती पाहा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्या देशात चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह सक्तीचे झाले. दुकानातल्या प्लॅस्टिकच्या मोटारीला चिन्ह हवे. त्याच वर्षी १ जूनपासून दुचाकीस्वाराच्या शिरस्त्राणालाही ते सक्तीचे झाले. आणि पेट्रोलवर धावणारे, माणसाला चिरडू शकणारे यंत्र मात्र किनाऱ्यावर 'खेळणे' म्हणून मुलाच्या हाती जाते. रस्त्यावर ते वाहन नाही आणि दुकानात ते खेळणे नाही! दोन दरवाजांच्या मधल्या फटीतून ते आत आले आहे.

ज्ञान आपल्याकडेही आहे

हे सारे परदेशी ज्ञान आहे, आपल्याला कुठून जमणार, असे कोणी म्हणू नये. मध्य प्रदेशात इंदूरजवळच्या पिथमपूर येथे २००७ पासून 'बाहा' ही अभियांत्रिकी विद्यार्थ्यांची स्पर्धा होत आली आहे. देशभरातील महाविद्यालयांचे संघ, त्यांत महाराष्ट्राचे पुष्कळ, खडबडीत वाटेवर धावणारे एकासनी वाहन स्वतः बनवून तेथे नेतात. चालकाभोवती पोलादी नळ्यांचा पिंजरा, खांद्यांवरून येणारे पट्टे, तत्काळ इंजिन बंद करणारी कळ, अग्निशामक, यांतील एक गोष्ट उणी असली तरी परीक्षक वाहन मैदानात उतरू देत नाहीत. ब्रेक दाबल्यावर चारही चाके जागीच रुतली पाहिजेत, ही चाचणी पार न करता परतलेल्या विद्यार्थ्यांचे डोळे पाणावलेले असतात. आपली विशीतली मुले जी शिस्त पाळतात, ती बाजारातील व्यापाऱ्याला अशक्य कशी?

कच्छच्या रणात सीमा सुरक्षा दलाचे जवानही अशी वाहने वापरतात. ते प्रशिक्षित असतात आणि आज्ञेत असतात. जवानाला जे साधन शिकविल्याविना दिले जात नाही, ते चौथीतल्या मुलाला पैसे मोजून मिळावे, हे कोणत्या शहाणपणात बसते?

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप साहसाचा. धोका वजा केला तर साहसात उरते काय? प्रश्न रास्त आहे. ज्या भूमीत पोरे सह्याद्रीचे कडे चढून वाढतात, तिथे साहसाचे वावडे कोणालाच नाही. पण गिर्यारोहक स्वतःची गाठ स्वतः तपासतो, कडा त्याच्या डोळ्यांसमोर असतो. तो जाणून धोका पत्करतो. कलंडण्याचा कोन मात्र डोळ्यांना दिसत नाही. न सांगितलेला धोका पत्करणे याला साहस म्हणत नाहीत, ती फसवणूक आहे. आणि अजाण मुलाने पत्करलेला धोका हा त्याच्या वतीने आपण पत्करलेला असतो.

दुसरा आक्षेप पोटापाण्याचा. कोकणातील तरुणांना चार महिने चालणारा हा धंदा आहे. नियमांनी तो मरेल. ही चिंता मनापासून घेतली पाहिजे. पण आज काय होते? अपघात झाला की सरसकट बंदी, आणि वातावरण निवळले की पुन्हा जैसे थे. कर्ज काढून वाहन घेतलेल्या तरुणाला ही टांगती तलवार अधिक घातक आहे. स्पष्ट नियम, विमा आणि नोंदणी असेल तर प्रामाणिक व्यावसायिक एका बेजबाबदार शेजाऱ्यामुळे बुडणार नाही.

तिसरा आक्षेप इन्स्पेक्टर-राजचा. नवा नियम म्हणजे नवा हप्ता, ही भीती निराधार नाही. म्हणूनच नियमाचा मुख्य भार किनाऱ्यावर न ठेवता कारखान्याच्या फाटकावर आणि बंदरावर ठेवावा. उत्पादक व आयातदार मोजके असतात. तिथे एकदा तपासलेले यंत्र हजार ठिकाणी सुरक्षित राहते.

काय व्हावे?

मागण्या मोजक्याच आहेत. मोटार वाहन कायद्यातील संदिग्धता केंद्राने दूर करावी आणि सार्वजनिक ठिकाणी चालणाऱ्या एटीव्हीला विमा सक्तीचा करावा. भारतीय मानक ब्यूरो अधिनियम, २०१६ मधील अधिकार वापरून स्थैर्य, ब्रेक आणि संरक्षक कमान यांचे मानक सर्वांना लागू करावे, देशी असो वा आयात केलेले. कलंडण्याचा कोन प्रत्येक वाहनावर मराठीसह स्थानिक भाषेत लिहिलेला असावा. सोळा वर्षांखालील मुलाला प्रौढांचे वाहन देणे हा गुन्हा ठरावा आणि शिरस्त्राणाविना फेरी नसावी. पुळणी व कासवांच्या विणीच्या जागा सोडून या वाहनांसाठी निश्चित पट्टा आखून द्यावा. वाळूच्या टेकड्यांना धक्का लावण्यास किनारपट्टी नियमांनी तशीही मनाई आहे. शेवटचे आणि सर्वांत स्वस्त काम म्हणजे या अपघातांची स्वतंत्र नोंद. जे मोजले जात नाही, त्याची फाईल मंत्रालयात कधीच वर येत नाही.

कायदा व्हायला वेळ लागेल. आपण वाचकांनी तोवर थांबण्याचे कारण नाही. येत्या सुटीत मुलांना घेऊन किनाऱ्यावर गेलात, तर पैसे काढण्यापूर्वी दोन प्रश्न विचारा. शिरस्त्राण कुठे आहे? ही गाडी किती उतारावर कलंडते? उत्तर मिळाले नाही तर मुलाचा हट्ट मोडा. तो तासभर रडेल आणि मग भेळ खाईल.

त्या दिवशी तो मुलगा दुसरी फेरी पूर्ण करून सुखरूप परत आला. वडिलांनी छायाचित्र काढले. काही झाले नाही. आपल्या देशातील या वाहनांची सारी सुरक्षा-व्यवस्था आज एवढ्या तीन शब्दांवर उभी आहे.